जो आधी ओ देईल

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कामाची नोंदवही वेगळी आहे. ती प्राचार्य बाई कधीही मागतील, म्हणून तिच्यात नीटनेटकं लिहावं लागतं. ही वही माझी. हिच्यात मनातलं लिहायचं.

परिचारिकांच्या या प्रशिक्षण केंद्रात मला पाच महिने झाले. वरच्या मजल्यावर संगणक कक्ष, त्यात तीस संगणक. सगळे एकाच कंपनीचे, एकाच वर्षी घेतलेले, त्यामुळे म्हातारेही एकदमच झालेत. दर आठवड्याला एकाची डिस्क जाते. एप्रिलमध्ये मुलींची शेवटची परीक्षा पहिल्यांदाच संगणकावर आहे आणि नवे संगणक मिळणार नाहीत. मी बाईंना म्हटलं, सगळ्यांच्या डिस्क काढूनच टाकू. एकच चांगला सर्व्हर घेऊ. सुरू होताना तिसांनी जे लागेल ते तारेवरून त्याच्याकडून घ्यायचं.

बाईंनी दोन दिवस विचार केला. आज म्हणाल्या, "परीक्षेला तीसच्या तीस चालले, तर तुमच्या कायम होण्याचा प्रस्ताव मी स्वतः पाठवीन."

सोळा वर्षं झाली मला कंत्राटावर. चौथं ठिकाण आहे हे. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आधी काम कर, मग नाच." मी नाचत नव्हते. पण आतून नाचत होते, हे खरं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चाचणी जमली.

फ्यूजकाकांच्या भंगारातून एक त्यातल्या त्यात धडधाकट संगणक निवडला आणि त्याचाच छोटा सर्व्हर केला. सामानाच्या खोलीत, जिथे सगळ्या तारा एका पेटीत येतात, तिथे माळ्यावर ठेवला. वीज जाऊन आली तर आपला आपण सुरू होईल अशी सोय त्यात केली. ही माझी शिस्तच आहे. सर्व्हरला उठवायला माणूस लागला तर तो सर्व्हर कसला. वर कागद चिकटवला, 'चाचणी सुरू आहे. हात लावू नये.' खाली सही.

मग एका संगणकाची डिस्क काढली आणि बटण दाबलं. सुरू होताना बिचाऱ्याला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. स्वतःचा पत्तासुद्धा नाही. तो तारेवर एकच हाक मारतो, कोणी आहे का? जो आधी ओ देईल, त्याच्याकडून पत्ता घेतो आणि पुढे काय करायचं तेही त्यालाच विचारतो. आज माळ्यावरून ओ आली आणि चाळीस सेकंदांत पडदा उजळला.

फ्यूजकाका मागे उभे होते. इथे बावीस वर्षं आहेत, आले ते फ्यूज बदलायला, नंतर संगणक आले तेही त्यांच्याच गळ्यात पडले. एप्रिलअखेर निवृत्त होतायत. म्हणाले, "अगं, पोटात काही नसताना हे उठलं कसं?"

"सांगते नंतर," म्हटलं. एकदा सांगायला बसले की तास जातो त्यांच्याबरोबर.

सोमवार, २४ फेब्रुवारी

नवा सर्व्हर आला, बसवला. चाचणीवाल्यावरच्या सगळ्या फायली इकडे आणल्या, तिकडच्या पुसल्या, तो बंद केला. तिसांच्या डिस्क निघाल्या. नव्या सर्व्हरला बॅटरी जोडली आहे, वीज गेली तरी तो डोळा मिटणार नाही.

निघालेली प्रत्येक डिस्क फ्यूजकाका फडक्याने पुसत होते आणि तिच्यावर नंबर टाकत होते. मी म्हटलं, "काका, भंगारात जाणारेत त्या."

"जाऊ देत. कुठून निघाली ते तरी तिच्यावर असावं."

अशाने कामं लांबतात. पण माणूस मायाळू आहे, हे मान्य करायला हवं. सात नंबरच्या संगणकाशी तर ते बोलतातसुद्धा.

बुधवार, ५ मार्च

काल दुपारी तासभर वीज नव्हती. आमचा सर्व्हर ढिम्म हलला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आणि आज सकाळी आठच्या वर्गाला तिसांपैकी एकोणीस काळे. पडद्यावर एकच ओळ, फाईल सापडली नाही. मुली एकमेकींकडे बघतायत, शिकवणाऱ्या बाई माझ्याकडे. मी सर्व्हर तपासला, फाईल जागच्या जागी. साडेआठला सगळे पुन्हा सुरू केले, तर तीसच्या तीस नीट. जणू काही झालंच नव्हतं.

दुपारी फ्यूजकाका आले. "अगं, ते माळ्यावरचं..."

"माळ्यावरच्या भंगाराचं नंतर बघू, काका. इथे माझी झोप उडालीय."

ते जिना उतरून गेले.

मंगळवार, ११ मार्च

पुन्हा तेच. आज चौदा. नऊनंतर सगळं सुरळीत.

पण या वेळी मी तयारीत होते. तारेवर कोण काय बोलतं ते टिपून ठेवणारा प्रोग्राम चालू ठेवला होता. संगणकांच्या हाकेला एक नाही, दोन जण ओ देत होते. एक आमचा सर्व्हर. दुसरा कोण, माहीत नाही. दुसरा पत्ता देतो, आणि मग फाईल मागितली की नाही म्हणतो. ज्या संगणकांना त्याची ओ आधी ऐकू गेली, ते काळे पडले.

प्रत्येक यंत्राला कारखान्यातच जो क्रमांक देतात, तो दुसऱ्याचा मिळाला. आमच्या जुन्या संगणकांच्या कंपनीचाच. म्हणजे याच इमारतीतला. आणि तो जे पत्ते वाटत होता, ती रांग हुबेहूब मी ठरवलेली! तो कागद माझ्या टेबलावर पडलेला असतो. कोणीतरी बसून उतरवून घेतलाय.

शोधायला उठले तोवर त्याने ओ देणं थांबवलं होतं. आपोआप असं थांबत नाही. कोणीतरी बंद करतंय.

काल संध्याकाळच्या वादळात वीज दोनदा गेली, म्हणून आज लिफ्टही बंद होती. जिने चढून पाय दुखतायत.

शुक्रवार, १४ मार्च

लगेच लिहून ठेवते.

पहाटे वीज गेल्याने टाकीत पाणी चढलं नव्हतं. आई कुरकुरत होती, मी तशीच निघाले. साडेसातला केंद्रात. वरच्या मजल्यावर कोणी नसायला हवं. सामानाच्या खोलीतून फ्यूजकाका बाहेर आले. बाह्यांना धूळ. मला बघून दचकले.

"इतक्या लवकर?" मी म्हटलं.

"काही नाही, जरा आवराआवर."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. आठच्या वर्गाला तीसच्या तीस चालले. चालणारच. आज मी पाहिलं ना त्यांना.

किल्ल्या त्यांच्याकडे. जुने संगणक त्यांच्याकडे. माझ्या टेबलाशी दिवसातून दहादा येणारे तेच. आणि कारणही आहे. माझ्या या व्यवस्थेत त्यांच्या बावीस वर्षांची गरजच उरत नाही. जेवणाच्या सुट्टीत ते पुन्हा आले, "अगं, तुला एक सांगायचं होतं."

"आत्ता नको," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

सोमवार, १७ मार्च

आईला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "त्यांना विचारलंस का?"

"चोराला काय विचारायचं?"

"विचारायचं. चोर आहे का ते."

आईला कार्यालयांतलं राजकारण कळत नाही. तिने आयुष्यभर एकाच घराची नोकरी केली. बाईंना लेखी द्यायचं ठरवलं आहे. परीक्षेला सोळा दिवस उरलेत. एकवीस वर्षांच्या तीस मुली काळ्या पडद्यासमोर बसलेल्या मला रोज दिसतात. त्यांचं वर्ष जाईल. माझं तर काय जाईल ते जाईलच.

गुरुवार, २० मार्च

बाईंनी दोघांनाही बोलावलं. माझं पत्र मोठ्याने वाचलं. तारखा, क्रमांक, सामानाची खोली, धुळीच्या बाह्या. पत्र मुद्देसूद होतं.

फ्यूजकाकांनी हात पुढे केला. "बघू?" पत्र घेतलं, मजकूर वाचला नाही, शेवटची सही तेवढी बघितली. परत दिलं. "बरं," म्हणाले.

बाई म्हणाल्या, उद्यापासून निवृत्तीपर्यंत रजेवर राहा, शेरा सेवापुस्तकात जाईल, निरोप समारंभ होणार नाही. काकांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. त्यातली एक वेगळी धरून मला दाखवली. "ही जरा उचलून फिरवावी लागते. नाहीतर अडते."

मला वाटलं होतं, भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी अकराला वीज गेली, साडेअकराला आली. बाराच्या वर्गाला बावीस काळे. मी वाट पाहिली, आता थांबेल, मग थांबेल. थांबलं नाही. दोन वाजता तेच, चार वाजता तेच. दिवसभर तो दुसरा ओ देत राहिला.

फ्यूजकाकांना जाऊन सात दिवस झाले. मग आता कोण?

बाईंनी विचारलं, "अजून कोणी सामील आहे का?" मी म्हटलं, बघते.

शुक्रवार, २८ मार्च

सापडला.

आज तो थांबत नव्हता, म्हणूनच सापडला. तारांच्या पेटीशी बसले आणि एकेक तार काढून बघत गेले. तेविसावी काढली आणि दुसरी ओ बंद पडली. ती तार भिंतीवरून वर जात होती, माळ्यावर. शिडी लावली. धुळीत माझा चाचणीवाला संगणक, पंखा फिरतोय. वर माझा कागद, माझी सही.

वीज आली की आपला आपण सुरू हो, हे मीच त्याला शिकवलं होतं. फायली मी पुसल्या, पण ओ देणं काढायला विसरले. पत्त्यांची रांग माझी, कारण ती मीच त्याच्यात भरली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आई चष्मा शोधताना रोज म्हणते. मी गावाला वळसा घातला आणि वाटेत एका माणसाला तुडवलं.

खटक्यावर धुळीत बोटाचा ठसा होता. एकाच जागी, पुन्हा पुन्हा दाबल्याचा. मी शिडीवर किती वेळ बसले कोण जाणे. काका इथे येऊन हा बंद करत होते. दर वेळी.

संगणक खाली आणला, तारा काढल्या. परीक्षेला पाच दिवस आहेत. आत्ता बोलले तर बाई घाबरतील, परीक्षा पुढे ढकलतील. आधी परीक्षा होऊ दे, मग सांगते. हे कारण खरं आहे. पुरेसं आहे का, ते माहीत नाही.

बुधवार, २ एप्रिल

तीसच्या तीस. तीन तास एकही अडला नाही. बाईंनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. प्रस्ताव उद्याच जाणार.

आज सांगणं बरं दिसलं नसतं.

बुधवार, ९ एप्रिल

आठवडा गेला. चहाच्या वेळी कारकून म्हणाला, "फ्यूजकाका गेले आणि एकही फ्यूज उडाला नाही बघा." सगळे हसले. माझ्याही चेहऱ्यावर हसू आलं. ते पुसायला मला फार वेळ लागला.

घरी आल्यावर आईला सांगून टाकलं. तिने भाजी गरम केली, ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. शेवटी म्हणाली, "रविवारी सुट्टी आहे ना तुला?"

रविवार, १३ एप्रिल

दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला. दार काकूंनी उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्या बाजूला झाल्या, पण 'या' म्हणाल्या नाहीत. काका खिडकीशी एका जुन्या रेडिओचं पोट उघडून बसले होते. दाढी वाढलेली.

"बसा," म्हणाले. ते मला अगं-तुगं करायचे. आज तुम्ही.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी पेचकस खाली ठेवला नाही.

"हो," म्हणाले, "वीज आली की ते सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी पंख्याचा आवाज ऐकला म्हणून वर बघितलं. बंद केलं तर खाली सगळं ठीक झालं. मग लक्षात आलं."

"तार का नाही उपटून टाकलीत?"

"हात लावू नये, लिहिलं होतं ना. सही होती. खटका दाबायचा तेवढा मी माझ्या जबाबदारीवर दाबायचो."

"मला सांगायचंत."

"दोनदा आलो होतो. तिसऱ्यांदा म्हटलं, राहू दे. बाईंच्या कानावर गेलं तर तुमचं कायम होणं अडेल. परीक्षेपर्यंतचा तर प्रश्न. तोवर मी आहे, करू बंद."

"मग त्या दिवशी, बाईंसमोर?"

"तिथे मला कोणी काही विचारलं नाही."

आतून काकू म्हणाल्या, "चोवीस दिवस जिना उतरले नाहीत. भाजीला मी जाते. खालचे लोक विचारतात, काकांना काढलं का हो? काय सांगू मी?"

मी म्हटलं, मी सांगेन. जिथे बोलले, तिथेच सांगेन. काकांनी मान वर केली नाही. रेडिओत एक बारीक तार होती, ती ते जोडत राहिले.

मंगळवार, १५ एप्रिल

बाईंना पत्र दिलं. या वेळी एकच पान. चूक माझी, संगणक माझा, शेरा खोटा.

बाईंनी दार लावून घेतलं. "अहो, फाइल बंद झालीय. ते तसेही निवृत्त होतायत. आपणच आपल्या पायावर धोंडा का पाडून घेताय?"

"शेरा काढायचा असेल तर कारण लिहावं लागेल ना, बाई."

"आणि हे फाइलला लागलं की तुमचा प्रस्ताव मला परत मागवावा लागेल. कळतंय ना?"

कळत होतं. सोळा वर्षं कळत होतं. पत्र टेबलावरून उचलावं असं वाटलं, हे इथे लिहून ठेवते, कारण उद्या मी स्वतःलाच सांगेन की असं वाटलंच नव्हतं. उचललं नाही. बाहेर आले तेव्हा हलकं वाटेल अशी अपेक्षा होती. तसं काही वाटलं नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

शेरा रद्द झाल्याचं पत्र काकांच्या घरी गेलं. माझा प्रस्ताव परत आला. कंत्राट सप्टेंबरपर्यंत आहे, पुढचं पुढे. बाईंनी निरोप समारंभाचं विचारलं, तर काकांनी निरोप पाठवला की समारंभ नको, फक्त कक्षाचा ताबा रीतसर देईन.

आई म्हणाली, "बरं झालं." कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

बुधवार, ३० एप्रिल

काका अकराला आले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. ताबा देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकत्र फिरून प्रत्येक वस्तू मोजायची असते. आम्ही फिरलो. खुर्च्या, पंखे, तीस संगणक. सात नंबरपाशी ते थोडे थांबले, पण बोलले नाहीत.

मी बाईंना सगळ्यांना वर बोलवायला सांगितलं होतं. शिकवणाऱ्या बाई आल्या, कारकून आला, शिपाई दारात. मी पाठ करून आले होते ते ऐन वेळी गेलं. एवढंच म्हणाले, "फेब्रुवारीत मी माळ्यावर एक संगणक विसरले. त्यामुळे हे सगळे बंद पडायचे. काका दर वेळी येऊन माझी चूक झाकत होते. मी त्यांच्यावर आळ घेतला. त्यांनी काहीही केलं नव्हतं." कारकून चपलांकडे बघत होता. मग बाईंनी घसा साफ केला आणि एकेक जण खाली गेला.

काकांनी ताब्याच्या यादीवर सही केली, तारीख टाकली, पेन मला दिलं. मी सही केली. मग मला राहवलं नाही.

"काका, तुम्ही एकदाही रागावला नाहीत. रागवा माझ्यावर. चार शब्द बोला."

त्यांनी यादीची घडी घातली आणि खिशात ठेवली. आवाज चढला नाही, उतरला नाही.

"रागवायला माणूस आपलं असावं लागतं, मॅडम."

ते जिना उतरले. खाली फाटकापाशी काकू उभ्या होत्या, त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती. काकांनी ती आपल्या हातात घेतली आणि दोघं रस्त्याच्या कडेने चालायला लागले. मी तीस संगणक एकेक करून बंद केले आणि कुलूप लावलं.